काम सोडणाऱ्यांचा आणि काम मागणाऱ्यांचा इतिहास

अमरावतीत बडनेऱ्याच्या बाजूने येणारा रस्ता राजापेठेतून राजकमल चौकाकडे जातो, तेथून जयस्तंभाकडे वळतो आणि पुढे इर्विन चौकात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी पोहोचतो. खेड्यांतून आलेल्या मजुरांना जिल्हाधिकारी कचेरीवर जावयाचे असले की या रस्त्याशी त्यांची गाठ पडते. ‘हाताला काम, कामाला दाम’ ही घोषणा येथील दुकानदारांनी इतक्या वेळा ऐकली आहे की ते आता मान वर करूनही पाहत नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाहतूक खोळंबल्याची ओळ छापून येते. इतिहासग्रंथांत तीही येत नाही.

वास्तविक ही घोषणा जितकी साधी वाटते तितकी साधी नाही. कामाची मागणी करणाऱ्या या लोकांत बौद्ध शेतमजुरांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांच्या आजोबा-पणजोबांचा इतिहास पाहिला तर तो काम मागण्याचा नसून काम नाकारण्याचा आहे, असे दिसून येते. एक पिढी म्हणाली, ‘हे काम आम्ही करणार नाही.’ पुढची पिढी म्हणाली, ‘आम्हांस काम द्या.’ वरवर पाहणाऱ्यास यात विसंगती दिसेल. आमच्या मते ही एकच मागणी आहे, आणि ती नीट समजून घेतल्याखेरीज वऱ्हाडातील बेकारीविरोधी मोर्च्यांचा अर्थ लागत नाही.

प्रथम काम सोडण्याविषयी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळे उष्टे तुकडे टाकून देण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अमरावतीस आले. वऱ्हाड प्रांतिक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर होता. मंदिराचा प्रश्न आज सर्वांच्या स्मरणात आहे; परंतु त्याच काळात पोटाचा प्रश्नही तितक्याच जोराने पुढे येत होता, याचे स्मरण कमी लोकांस आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक मांडले. वतन म्हणजे मान, असे गावाला वाटे. बाबासाहेबांनी दाखवून दिले की वतन म्हणजे अहोरात्र बांधलेली, मोबदला नक्की नसलेली आणि नकार देण्याची सोय नसलेली वेठ आहे. वऱ्हाड त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते, मध्यप्रांताला जोडलेले होते. पण गावकीच्या कामांचे स्वरूप येथे फारसे निराळे नव्हते. मेलेले ढोर ओढणे, दवंडी देणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यामागे धावणे, सरपण फोडणे हे सर्व काम होते खरे, पण त्याला मजुरी हे नाव नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मचक्र प्रवर्तित झाले आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी याच विषयाचा समाचार घेतला. मेलेल्या जनावराचे कातडे, शिंगे, हाडे यांपासून वर्षाकाठी इतके इतके उत्पन्न मिळते, ते सोडून तुमचे लोक नुकसान करून घेतात, असा हिशेब काही शहाण्यांनी मांडला होता. बाबासाहेबांनी त्या हिशेबाची चांगलीच थट्टा केली; लाभच असेल तर तो तुम्हीच घ्यावा, असे त्यांच्या उत्तराचे तात्पर्य होते. श्रोत्यांनी तो धडा मनावर घेतला. विदर्भातील गावोगाव दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी गावकीची कामे टाकली. गावाचे उत्तरही ठरलेले होते. मजुरीला बोलावणे बंद, शेतातून जाण्यायेण्याची वाट बंद, दुकानातून उधार बंद. बहिष्कार या एका शब्दात आपण हे सर्व सांगून मोकळे होतो, परंतु त्याचा आर्थिक अर्थ एकच आहे : ज्याने अपमानाचे काम सोडले त्याचे मजुरीचे कामही काढून घेण्यात आले. पुष्कळ बौद्ध घरांत बेकारी आली ती अशी, स्वाभिमानाची किंमत म्हणून.

बेकारीची कारणे सांगताना अर्थशास्त्रज्ञ मंदी सांगतात, यंत्रे सांगतात, लोकसंख्या सांगतात. ही कारणे खोटी नाहीत. पण १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी आणखी एक कारण नोंदवून ठेवले आहे. धंदे बदलत असतात, जुने बुडतात, नवे निघतात. माणसाला एक धंदा सोडून दुसरा धरण्याची मोकळीक नसेल तर तो उपाशी राहतो, आणि ही मोकळीक जात देत नाही. म्हणून देशातील बेकारीचे जात हे एक प्रत्यक्ष कारण आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. या विचारामागे मुंबईच्या गिरण्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता. विणकाम खात्यात पगार अधिक. तेथे अस्पृश्य कामगारास प्रवेश नाही, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो नाइलाजाने मागण्यांत घेतला. कामगारांच्या एकजुटीचे व्याख्यान देणे सोपे असते, मागावरची जागा मोकळी करणे अवघड असते.

रेल्वेचेही तेच. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन त्याच परिषदेतील. ते वाक्य सर्वांस पाठ असते. त्याच भाषणातील गँगमनचा मुद्दा मात्र फार थोडे लोक सांगतात. दलित कामगार आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला हमाल म्हणूनही बढती मिळत नाही. कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरकाम करून घेतो आणि त्याच्या घरात अस्पृश्याचा हात चालत नाही. हीच रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाडचा कापूस ओढून नेत होती. रुळाखालची खडी सावरणारे हात कोणाचे होते, हे या पट्ट्यातील वाचकांस आम्ही सांगावयास नको.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. त्याच्या कार्यक्रमात बेकारी कमी करण्यासाठी जमिनीवर वसाहती करणे आणि सार्वजनिक कामे काढणे अशी स्पष्ट योजना होती. योगायोग असा की याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधील जॅरो या गावचे सुमारे दोनशे बेकार कामगार पायी लंडनला निघाले. जहाजाचा कारखाना बंद पडलेला, गाव ओसाड झालेले. त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन वाटेत त्यांच्याबरोबर चालत होत्या आणि सुमारे अकरा हजार सह्यांचा अर्ज ओकच्या पेटीत घालून नेला जात होता. पंतप्रधान बाल्डविन यांनी त्यांची भेट घेण्याचे नाकारले. परत आल्यावर त्यांस कळले की वाटेतील दिवसांत ते कामासाठी ‘उपलब्ध’ नव्हते, म्हणून त्यांचा बेकारभत्ताही कापण्यात आला आहे. सरकारी हिशेब जगभर सारखाच चालतो! मात्र एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. जॅरोच्या कामगारास गेलेले काम परत हवे होते. वऱ्हाडातल्या बौद्ध मजुरास गेलेले काम परत नको होते. त्याला पूर्वी कधीही न मिळालेले काम हवे होते, म्हणजे मजुरी ठरलेले आणि वेळ ठरलेली असे काम, ज्यात कोणी त्याला त्याच्या जातीच्या नावाने हाक मारणार नाही.

१० जानेवारी १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या नेतृत्वाखाली सुमारे वीस हजार शेतकरी व शेतमजूर मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. खोतीविरुद्धचा हा मोर्चा. बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक ही मंडळी त्यात होती. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला. आमच्या समाजाला मोर्चा हे हत्यार येथून सवयीचे झाले, असे म्हणता येईल.

मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या बाजूला या कामाची घडण विडी कारखान्यांत झाली. कामठीचे बाबू एल. एन. हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ च्या निवडणुकीत ते कायदेमंडळात गेले आणि १९३९ मध्ये वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले. ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून त्यांची कीर्ती आहे, ती योग्यच आहे. तथापि त्या अभिवादनाच्या आड त्यांचे कामगारकार्य झाकले गेले, अशी आमची तक्रार आहे. विडी वळणारी स्त्री घरी बसून काम करते. तिला ना हजेरी, ना रजा. माल ‘छाटला’ की मजुरीही गेली. अशा विखुरलेल्या माणसांस एकत्र आणणे गिरणीच्या दारापाशी सभा घेण्याहून कितीतरी कठीण होते.

या संदर्भात अमरावतीच्या एका बाईंचे नाव घेतलेच पाहिजे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली त्या अधिवेशनाबरोबर २० जुलै रोजी दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. परिषदेने द्विभार्या प्रथेविरुद्ध आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी ठराव केले, हे स्त्रीचळवळीचे अभ्यासक सांगतात. आम्ही वाचकांचे लक्ष दुसऱ्या ठरावाकडे वेधू इच्छितो. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांस वर्षाला एकवीस दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, अपघात झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी दरमहा पंधरा रुपये निवृत्तिवेतन मिळावे, आणि गिरण्यांत स्त्री कामगारांवर देखरेखीस स्त्रियाच नेमाव्यात, अशा त्या मागण्या होत्या. पंधरा रुपयांचा हा आकडा कोणी उगाच ठरविलेला नाही. तो कोणीतरी घरखर्च मांडून काढलेला आहे, असे तो वाचताना वाटते. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीतच १९४५ मध्ये रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था उभी राहू लागली. पुढे अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित तरुणांनी वर्षानुवर्षे खिशात जपलेले ‘एम्प्लॉयमेंटचे कार्ड’ हे त्या व्यवस्थेचेच अपत्य.

कार्ड हे शिकलेल्यांसाठी. न शिकलेल्यांची बेकारी निराळी असते आणि वऱ्हाडात तिला ऋतूंचे वेळापत्रक असते. मृगाला पेरणी, मग निंदण, डवरणी. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि तीन-चार महिने बायामाणसांस उसंत नसते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखानेही याच मोसमात चालतात. पऱ्हाटी उपटून झाली की शेत मोकळे आणि हातही मोकळे. त्यातून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. विहीर खणावी तर पाणी खारे, ओलितास निरुपयोगी. ओलित नाही म्हणून बागायत नाही, बागायत नाही म्हणून उन्हाळ्याचे काम नाही. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ही माणसे काय खात असतील, हा प्रश्न ज्या प्रदेशाला पांढऱ्या सोन्याचा प्रदेश म्हणतात त्याच्या श्रीमंतीच्या वर्णनांत येत नाही. सालदाराची गोष्ट आणखी निराळी. त्याला वर्षभर काम असते, पण उचल घेतल्यामुळे तो ते सोडू शकत नाही. एकाला काम नाही, दुसऱ्याला कामातून सुटका नाही. गावकी गेली तरी तिची सावली मागे राहिली ती अशी.

याला उत्तर म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी जमीन मागितली. १९५९ साली आणि नंतर ६ डिसेंबर १९६४ पासून १९६५ च्या आरंभापर्यंत रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांस मागण्यांची सनद सादर करण्यात आली होती. त्यानंतरच्या सत्याग्रहात देशभर तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या स्त्रियाही तुरुंगात गेल्या. स्वतंत्र भारतात एवढ्या भूमिहीनांनी एकाच मागणीसाठी तुरुंग भरल्याची दुसरी उदाहरणे फार थोडी आहेत, आणि तरीही पाठ्यपुस्तकांतून या सत्याग्रहाचा उल्लेख सापडत नाही.

त्या सनदेत दहा मागण्या होत्या आणि त्यांचे पुढे काय झाले ते पाहणे उद्बोधक आहे. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, ही पहिली; ते १२ एप्रिल १९९० रोजी लागले. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्याव्यात, ही दुसरी एक. तीही १९९० मध्येच मान्य झाली. म्हणजे पंचवीस वर्षांनी का होईना, त्या पूर्ण झाल्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी करावी, या मागण्या मात्र तशाच ओढत राहिल्या. वऱ्हाडात गावच्या सरकारी चराऊ जमिनीस ‘ई-क्लास’ म्हणतात. या ई-क्लासवर नांगर धरून बसलेल्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्याने १९९१ मध्ये घेतला खरा, पण सातबाऱ्यावर नाव चढविण्यासाठी तलाठ्याच्या दारी किती खेटे घालावे लागतात याची मोजणी अजून कोणी केलेली नाही. चित्र लावणे सोपे, जमीन देणे कठीण, असे म्हणून आम्ही त्या चित्राचे मोल कमी करू इच्छित नाही. ज्यांनी तुरुंग भरले त्यांस दोन्ही हवे होते, एवढेच नोंदवावयाचे आहे.

जमीन मिळत नाही म्हटल्यावर कामाची मागणी अधिक नेटाने पुढे आली, आणि दुष्काळाने तिला धार आणली. १९७० नंतर पाऊस हटला आणि १९७२ ला तर मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र होरपळून निघाले. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडीत, तलाव खणीत होती. त्या पिढीला मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी आजही आठवते. या काळातील मोर्चे कोणा एका पक्षाचे नव्हते. लाल निशाण, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन यांचे कार्यकर्ते कधी स्वतंत्रपणे, कधी एकत्र, तहसील कचेऱ्यांवर माणसे नेत होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे काढले. दलित पँथरचा जन्मही १९७२ चाच. पँथरने आपल्या जाहीरनाम्यात भूमिहीन व शेतमजूर यांसही दलित म्हटले, ते याच वातावरणात. मोर्च्यांची मागणी ‘धान्य वाटा’ एवढीच नव्हती. ‘काम काढा आणि मजुरी वेळेवर द्या’ ही ती मागणी होती.

शासनाच्या बाजूने या मागणीला कायद्याचे रूप देण्याचे श्रेय विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांस जाते. तासगाव तालुक्यातील विसापूरच्या प्रयोगापासून त्यांनी हा विचार लावून धरला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे आपल्या पुसदचे, त्यांनी तो उचलला. रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पागे सभापती असताना १९६८ पासून उपसभापती होते दर्यापूर तालुक्यातील दारापूरचे रा. सु. गवई, आंबेडकरी चळवळीत वाढलेले आणि खारपाणपट्ट्यातील मजुरांचे जीवन जवळून पाहिलेले. कायद्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, तर शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर १९७५ मध्ये व्यवसायकर बसविण्यात आला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रकमेवर वऱ्हाडातला नाला बांधला जाऊ लागला. ग्रामीण मजुराचा काम मागण्याचा हक्क कायद्याने मान्य करणारे हे देशातील पहिले राज्य होय. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत, राज्याच्या ऐपतीच्या मर्यादेत. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मांडलेली भूमिहीनच राहणार नाही अशी शेतीव्यवस्था घटनेत येऊ शकली नव्हती.

या कायद्याच्या कार्यपद्धतीत एक बारीकशी अट होती. काम सुरू करण्यास किमान पन्नास मजुरांची मागणी हवी. प्रशासनाच्या दृष्टीने ती सोयीची अट. एकट्यादुकट्यासाठी मस्टर कोण काढणार? पण तिचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. एकट्या बेकारास कायद्यात जवळजवळ स्थानच उरले नाही. त्याला आणखी एकोणपन्नास जण शोधणे भाग पडले. ते कोणी शोधावयाचे? येथेच कार्यकर्ता आवश्यक होतो.

तो कार्यकर्ता बहुधा सातवी-आठवी शिकलेला, बौद्धवाड्यातला, स्वतःही मजूरच. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर तो नावे लिहितो. ज्यांस सही येत नाही त्यांचे अंगठे घेतो. मराठा-कुणबी वस्तीतील अल्पभूधारक, गोवारी, कोरकू, मुसलमान मजूर, यांच्याही दारी जातो, कारण पन्नास भरावयाचे असतात. आणि ज्या घरांनी कधी पाण्याचा पेला दिला नाही त्या घरांतली नावे त्याच्या वहीत येऊन बसतात. तहसील कचेरीत अर्जाची पोच मिळविणे हे त्याचे खरे युद्ध. पोच नाही तर अर्ज नाही, अर्ज नाही तर पंधरा दिवसांची मुदत सुरू होत नाही, मुदत नाही तर भत्ता नाही. कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत काम न दिल्यास दररोज किमान एक रुपया बेकारभत्ता देय होता. तो प्रत्यक्षात क्वचितच दिला गेला. त्यामुळे पुष्कळ मोर्चे हे कामासाठी निघण्याआधी पोचेसाठी निघाले! आम्ही विद्यापीठात पालीचे विद्यार्थी असताना राजापेठेत असे मोर्चे पाहिले आहेत. पुढे निळा झेंडा धरलेली म्हातारी, मागे भाकरी बांधलेले फडके कमरेला खोचलेल्या बाया, आणि बाजूने कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून चालणारा एक मनुष्य. घोषणा दुसरेच कोणी देत असत. त्याचे लक्ष पिशवीकडे.

काम मिळाल्यावरही गोष्ट संपत नसे. पाटी, टिकाव, घमेले घेऊन बायापुरुष नालाबंडिंगवर, पाझर तलावावर जात. ब्रासवर मोजमाप, आणि मोजणारा अभियंता आठवडाभर फिरकत नसे. मुकादमाची टक्केवारी, मस्टरवरची खोटी नावे, महिना महिना थकलेली मजुरी यांविरुद्ध दुसरे मोर्चे निघत. परंतु या कामावर दोन गोष्टी प्रथमच घडल्या. मजुरीचा दर स्त्रीपुरुषांस एकच ठरला, आणि हजेरीपटावर नाव चढताना माणसाची जात विचारण्याचे कारण उरले नाही. पाणी, सावली, पाळणाघर यांची तरतूद कागदावर तरी होती. बागायतदारांची तक्रार अशी की रोजगार हमीमुळे वेचणीला माणूस मिळत नाही. आमच्या दृष्टीने ही या योजनेला मिळालेली सर्वांत विश्वसनीय पावती आहे. ज्याला दुसरीकडे काम आहे तोच शेतमालकाशी दरावर बोलू शकतो.

येथे दीघनिकायातील दोन सुत्तांचे स्मरण होते. कूटदन्त सुत्तात महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या वाढलेल्या असतात. राजास पुरोहित सांगतो की यांना मारून अथवा कोंडून उपद्रव संपणार नाही. जे शेती करतात त्यांस बीज व अन्न द्यावे, जे व्यापार करतात त्यांस भांडवल द्यावे, जे राजसेवा करतात त्यांस भत्तवेतन द्यावे. मग लोक आपापल्या कामात मग्न राहतील. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात याच्या उलट घडते. तेथील राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांस धन देत नाही. दारिद्र्यातून चोरी होते. चोरास पकडून आणतात तेव्हा राजाला प्रथमच कळते की याला उपजीविका नाही, आणि तो त्या एकट्यास धन देतो. साहजिकच दुसरेही चोरी करू लागतात, आणि मग राजा तलवार उचलतो. दोन्ही सुत्ते दानाचा महिमा म्हणून वाचण्याची प्रथा आहे. आम्हांस मात्र ‘भत्तवेतन’ या शब्दावर थांबावेसे वाटते. भत्त म्हणजे अन्न, वेतन म्हणजे मजुरी. ही भीक नव्हे. आणि दुसऱ्या सुत्तातील राजाची चूक अशी की गरीब माणूस गुन्हेगार होऊन समोर येईपर्यंत त्याला तो दिसलाच नाही. कामासाठी आलेल्या मोर्च्याकडे प्रथम बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहणाऱ्या प्रत्येक कचेरीने हे सुत्त वाचावे.

१९८८ मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले आणि त्याबरोबर रोजगार हमीचाही दर वाढला. मजुरांचा हा मोठा विजय होता. पण लागलीच योजनेवरील उपस्थिती घटली. मागणी कमी झाली होती असे नव्हे. खर्च वाढताच नवी कामे काढताना हात आखडण्यात आला, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. दर वाढला आणि हमी पातळ झाली. १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत अमरावती मतदारसंघाने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख यांस निवडून दिले. कापसाच्या आणि साखरेच्या राजकारणात वाढलेल्या महाराष्ट्रात ही सामान्य घटना नव्हती. पुढे २००५ मध्ये केंद्राने शंभर दिवसांच्या हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो अमलात आला तेव्हा पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत अमरावती आणि यवतमाळ होते. महाराष्ट्राचे उदाहरण या कायद्यापुढे होते, हे त्याच्या कर्त्यांनीही मान्य केले आहे.

शहराकडचे चित्र अधिक उदास आहे. वऱ्हाडातील कापड गिरण्या एकामागून एक थंडावल्या. अचलपूरला मुंबईच्या फिनले गिरणीच्या नावाने नवी गिरणी उभी राहिली तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. २०२० च्या टाळेबंदीत तीही बंद पडली आणि तेथील कामगारांवर रस्त्यावर येण्याची पाळी आली. गिरणी कामगाराजवळ निदान ओळखपत्र असते. कंत्राटी सफाई कामगार, बांधकामावरचा मजूर, सुरक्षारक्षक यांच्याजवळ तेही नसते, आणि सफाईच्या कामाची कंत्राटे निघाली की त्यांत कोणाच्या मुलांची भरती होते हे पाहिले म्हणजे १९२८ चा विणकाम खात्याचा प्रश्न आठवल्याशिवाय राहत नाही. जे काम आजोबांनी निर्धाराने टाकले, ते नातवाच्या गळ्यात कंत्राटदाराच्या शिट्टीसह पुन्हा येत आहे काय, याचा शोध आमच्या तरुण अभ्यासकांनी घ्यावयास हवा. त्यासाठी आकडे शासकीय दप्तरात मिळतीलच असे नाही.

ते मिळतील अन्यत्र. १९६४ च्या सत्याग्रहात गेलेल्यांची तुरुंगातून सुटल्याची पत्रे, पन्नास नावांचे आणि अंगठ्यांचे कागद, तहसीलदाराच्या शिक्क्याच्या पोचा, मस्टरच्या नकला, मोर्च्यांची पत्रके हे सर्व जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे. कार्यकर्ता वारला की मुले ते रद्दीत घालतात, कारण त्यांस तो इतिहास आहे असे कोणी सांगितलेले नसते. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलडाणा जिल्ह्यांतील वाचकांपैकी ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते जवळच्या विहारात आणून दाखवावेत. मूळ कागद घरीच राहू द्यावा, नक्कल करून घेता येईल. कागदावर तारीख नसल्यास कोणत्या गावचा, कोणत्या कामाचा, आणि अंगठा कोणाचा, एवढे त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे.